खाडा

पहिल्या दिवशी म्हैस कासेला हात लावू देईना.
सुरती, बारक्या चणीची, विळ्यासारखी शिंगं,
गळ्याखाली दोन पांढरे पट्टे, जणू कुणी
राखेची बोटं ओढून गेलं आहे.
मागचा उजवा सड गरम. कास हाताला लागली
उन्हात राहिलेल्या पाट्यासारखी.
आमच्याकडे याला दगडी म्हणतात, मी म्हणाले.
जशीबेनला मराठी येत नाही, पण दगड कळला.

तव्याच्या काळ्या पाठीवर तिने चार धारा सोडल्या.
तीन पांढऱ्या. चौथीत
फाटल्या दुधाचे कण आणि एक लालसर रेघ.
तवा तिने उजेडात तिरका धरला,
दवाखान्यात एक्स-रे धरतात तसा.

सुया तीन दिवस. सडात औषधाची नळी.
आधी हात धुणं, नंतरही.
दुखरा सड शेवटी पिळायचा, त्याची धार
गोठ्याच्या जमिनीवर नाही, डब्यात.
पिळल्यावर अर्धा तास बसू द्यायचं नाही,
समोर हिरवं टाक, राहील उभी.
हे सगळं तिने मान हलवत घेतलं.
मग मी ते वाक्य बोलले, जे बोलताना
मी नेहमी पिशवीची चेन लावत असते:
या तीन दिवसांचं, आणि शेवटच्या सुईनंतर चार दिवस,
दूध मंडळीत घालायचं नाही.

एकाच सडाचं ना?
चारही सडांचं.
बाकीचे तिघे तर चांगले आहेत.
औषध रक्तातून फिरतं, मी म्हणाले,
आणि पत्रकातला शब्द गुजरातीत शोधत राहिले.
तिलाच सापडला.
म्हणजे सूतक.
एकाच्या घरी झालं की भाऊबंद सगळे पाळतात.

वीस वर्षं झाली नोकरीला,
इतकं नीट मला कुणी समजावलं नव्हतं.

मंडळीतलं यंत्र फॅट सांगतं,
औषध सांगत नाही. हे मला ठाऊक,
सेक्रेटरी चंदूभाईला ठाऊक,
आणि तिलाही. तिचा धाकटा दीरच तिथे नळी बुडवतो.

मंगळवारी मी डभोईहून परतताना
मुद्दाम वाट वाकडी केली.
रांगेत ती होती. हातात किटली.
माझ्या पोटात काहीतरी खाली बसलं.
तिचा नंबर लागला. तिने झाकण काढलं,
किटली उलटी धरली. कोरडी.
लिहा, म्हणाली. शून्य.
शून्य लिहायला कशाला आलीस गं?
जागा जाते, म्हणाली.

उकिरड्यापलीकडे खड्डा, कुदळीचे घाव ताजे.
दोन वेळचं मिळून सहा लिटर रोज.
कुत्रं लांबून बघत होतं. तिने त्याला हाकललं नाही,
नुसती माती ओढली वर, पायानं.
रेडकू शेजारणीच्या म्हशीच्या दुधावर,
खुंट्याशी रुसल्यासारखं.

दांडिया बाजारात, आमच्या ओट्याशेजारच्या कॅलेंडरवर
आई अजून खाडे मांडते.
पिशवी आली नाही त्या तारखेला फुली.
महिनाअखेर चष्मा कपाळावर ठेवून हिशेबाला बसते,
एका फुलीवरून पोऱ्याशी भांडते.
तिला मी सांगणार होते की
तुझ्या पेल्याच्या मागे कुठेतरी
एक बाई सात फुल्या घेऊन बसली आहे,
ज्यांचे पैसे कुणी वजा करत नाही, कुणी देतही नाही.
सांगणार होते.
दूध उतू चाललं होतं.

आठव्या दिवशी पुन्हा तवा.
चार धारा, चारही सारख्या.
माझ्या नोंदवहीत रकाने आहेत:
बिल्ला क्रमांक, औषध, मात्रा, फी.
शेऱ्यात मी लिहिलं, सूतक फिटलं.
वरून कुणी विचारलं तर बघू.

जशीबेन तोवर बादली भरून आली होती.
आधी आंघोळ, म्हणाली, मग दूध.
आणि डोक्यावरून ओतायला लागली,
शिंगांवरून, त्या दोन पट्ट्यांवरून,
म्हैस डोळे मिटून उभी.